एडिसनच्या पत्त्यावर फी कमी होत नाही

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलीला बारावी सायन्सला 84 टक्के आहेत, सीईटी दिली आहे. पुढच्या वर्षी तिला कॉम्प्युटरच्या पदवीसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलंय. खासगी झेपणार नाही म्हणून न्यू जर्सीतल्या रटगर्ससारखी सरकारी युनिव्हर्सिटी बघतोय. चुलतभाऊ तिथेच न्यू जर्सी राज्यात, एडिसनला असतो. त्याच्या पत्त्यावर रहिवाशांची फी लागेल आणि संध्याकाळी त्याच्या दुकानात बसून ती खर्च काढेल, असं तो म्हणतो. बाकीसाठी बाग तारण ठेवतोय. मुलगी हुशार आहे, पण बागेत पिठ्या ढेकणांचे, म्हणजे द्राक्षावरच्या किडीचे, फोटो काढत वेळ घालवते. कोणती युनिव्हर्सिटी निवडू?

उत्तर : भाऊसाहेब, शाखा तुम्ही ठरवली, नोकरी चुलतभावाने ठरवली, त्यासाठी वर्षभर तिला घरी बसवायचंही ठरलं. मुलीला काय हवंय, ते मात्र पत्रात कुठेच सापडलं नाही. सापडली ती तुमची तक्रार, पिठ्या ढेकणांची. अख्ख्या पत्रात मला तेवढंच वाक्य कामाचं वाटलं.

आधी पैशाचं. अमेरिकेतली पब्लिक युनिव्हर्सिटी आपल्याकडच्या सरकारी कॉलेजसारखी स्वस्त असते, हा समज डोक्यातून काढा. तिला पैसा पुरवतात त्या राज्याचे करदाते, म्हणून सवलतही त्यांच्याच मुलांना. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू या पब्लिक युनिव्हर्सिटीने 2013पासून मूळ फी वाढवलेली नाही, तरी इंडियानाच्या मुलाला वर्षाला 10 हजार डॉलरच्या आत भागतं आणि बाहेरच्याला सुमारे 29 हजार लागतात. परदेशी विद्यार्थ्याला त्याहून थोडे जास्तच. राहणं, जेवण, विमा वेगळा. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत सगळं धरून वर्षाचा आकडा 75 हजारांच्या पुढे जातो. विद्यार्थ्यांचा एफ-1 व्हिसा मागताना ‘शिकून परत येणार’ असं सांगायचं असतं. मग त्याच व्हिसावर ती न्यू जर्सीची रहिवासी कशी ठरेल? काकांचं घर तिथे असलं तरी नाही. आणि दुकानाचं म्हणाल तर ते सरळ बेकायदा आहे. सत्र चालू असताना खास परवानगीशिवाय कॅम्पसवर आठवड्याला 20 तास, एवढीच मुभा. दुकानात सापडली तर परत पाठवतील तिला, चुलतभावाला नाही.

प्रवेश मिळाला की युनिव्हर्सिटीकडून आय-20 नावाचा कागद येतो. त्याच्या पहिल्याच पानावर एकीकडे खर्च आणि दुसरीकडे तो कुठून येणार, ते लिहिलेलं असतं. पैसे दाखवायचे असतात ते पहिल्या वर्षाचे. तेवढे तुम्ही बागेवर दाखवालही. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी झोडपून गेला, तर त्या वर्षीची फी कशातून भरणार?

एसएटी, टोफेल या परीक्षा आणि ऑनलाइन अर्जाचं कॉमन अ‍ॅप यांची माहिती कुठेही मिळेल. यूसीला, म्हणजे बर्कली जिचा भाग आहे त्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला तर एसएटी लागतही नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आज अमेरिकेचं नाव काढलं नसतं. सीईटी झालीच आहे, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची बीएस्सी अ‍ॅग्री बघा. पर्ड्यू, आयोवा स्टेट, टेक्सास ए अँड एम ही मंडळी 1862च्या मॉरिल कायद्यातली, शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी केंद्राने जमिनी देऊन उभी केलेली. तिथे कीटकशास्त्राचे विभाग जुने आणि भक्कम आहेत. एमएस किंवा पीएचडीला प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा पैसा असला, तर असिस्टंटशिप, म्हणजे त्याच्या हाताखाली पगारी काम, मिळते. बहुतेक फी माफ होते आणि वर महिन्याचं मानधन. हमखास मिळते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण द्राक्षबागेत वाढलेल्या आणि त्याच किडीमागे लागलेल्या मुलीचा अर्ज प्राध्यापक नीट वाचतात. तिला म्हणावं, प्रत्येक फोटोला तारीख, वाण आणि कीड कुठे होती ते लिही: खोडाच्या सालीखाली, ओलांड्यावर (आडव्या फांदीवर) की घडात.

पुढचं पत्र तिने लिहावं. तिला खरंच कॉम्प्युटर हवं असेल, तर त्यावरही बोलू. इथे त्याच्याही जागा आहेत. कृषीचा पसंतीक्रम भरायची मुदत मात्र आपल्या पत्रव्यवहारासाठी थांबणार नाही, तेवढा फॉर्म आधी भरून टाका.