जुन्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर: नव्या मालकास सल्ला

आपण जुनी कॉन्टेसा घेतली आहे, तेव्हा कोल्हापूरच्या पावसाळ्यात एसी चार महिने बंद ठेवण्याची चूक कृपया करू नका. कॉम्प्रेसरच्या (एसीचा गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) शाफ्टवरील, म्हणजे फिरत्या दांड्यावरील, गॅस अडवणारे सील गॅससोबत फिरणाऱ्या ऑइलनेच ओले राहते. ते सुकले की आकसते आणि गॅस हळूहळू निघून जातो. म्हणून आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. क्लचप्लेटमागे (कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या पुढच्या चकतीमागे) बोट फिरवून पाहावे. धूळ चिकटलेला काळा, तेलकट थर लागला तर सील गळते आहे असे समजावे.

मूळ यंत्रणा आर-१२ या जुन्या, थंडावा देणाऱ्या गॅसची असेल, तर तो गॅस ओझोन थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारानुसार २०१० पर्यंत बंद झाला आहे. उद्यमनगरात (कोल्हापूरच्या कारखाने-गॅरेजच्या भागात) गाडी नेल्यावर कोणी त्याच्या जागी आलेला आर-१३४ए गॅस नुसता भरू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे, कारण जुने मिनरल ऑइल या गॅसमध्ये मिसळत नाही, ते कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि आतील भाग कोरडे पडून जाम होतात. माझा पहिला कॉम्प्रेसर असाच गेला, याची हळहळ आजही वाटते. जुने ऑइल काढून एस्टर ऑइल घालणे, ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) व ओ-रिंगा (सांध्यांतील रबरी कडी) बदलणे आणि व्हॅक्यूम करणे, म्हणजे नळ्यांतील हवा व ओलावा पंपाने ओढून काढणे, यांपैकी काहीही टाळू नये. नवा गॅस मूळ आर-१२ च्या वजनाच्या सुमारे ८० ते ८५ टक्केच भरावा.