खडपावरचं शेवाळ आणि बाबांचा प्रश्न

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. यंदा बारावी सायन्स झाले, बायॉलॉजी होतं. गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या एका महागड्या रेस्टॉरंटचे शेफ आमच्या गावात आले होते. आई जिथे कालवं काढते त्या खडपावरचं, म्हणजे किनाऱ्याच्या खडकावरचं, शेवाळ त्यांनी खुडून नेलं आणि पुढच्या वर्षीही लागेल म्हणाले. परदेशात लोक हेच काम करून मोठ्या हॉटेलांना माल पुरवतात, असं मी व्हिडिओत पाहिलं. बाबा म्हणतात, शेवाळ विकून कुणाचं घर चाललंय? पदवीत चार वर्षं न घालवता मी लगेच सुरुवात करू का?

प्रिय स.,

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यांनी नेमकी जागा पकडली आहे. निव्वळ शेवाळ खुडून घर चालणं फार कठीण आहे, आणि त्याचं कारण तुझ्या आईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. खडप पुरतं उघडं पडतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातल्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला. महिन्यातून दोनदा, दर वेळी तीन-चार दिवस, आणि त्या दिवसांतही हाताशी दोन-तीन तास. मधल्या भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं उतरत नाही तेव्हा, काम बंद. आयर्लंड, स्कॉटलंड किंवा फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरही हेच गणित आहे. तिथे डल्ससारखं लाल शेवाळ शेकडो वर्षं खाल्लं जातं, वेल्समध्ये पोर्फायरा नावाचं शेवाळ तासन्‌तास शिजवून त्याचा लगदा न्याहारीला घेतात. कोपनहेगनमध्ये 2003 साली सुरू झालेल्या नोमा या रेस्टॉरंटने आसपासच्या किनाऱ्यावरचं आणि रानातलं खाणं ताटात आणलं, तेव्हापासून अशा मालाला मोठ्या स्वयंपाकघरांत मान आला. पण मान मिळाला म्हणून ओहोटीचे तास वाढले नाहीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सुशीभोवती गुंडाळतात ती नोरी पोर्फायराच्याच कुळातली. हे पोर्फायरा कोकण-गोव्याच्या खडकांवर खरोखर उगवतं, पण पावसाळ्यात. म्हणजे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि समुद्राला नारळ अजून द्यायचा असतो, नेमक्या त्या दिवसांत. खडप निसरडं, लाट कुठून येईल त्याचा नेम नाही. व्हिडिओतल्या थंड, शांत किनाऱ्यावरचं काम आणि आषाढातलं वेंगुर्लं यांत हा फरक आहे. आई बरोबर असल्याशिवाय त्या दिवसांत खडपावर उतरू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

मग या कामात भविष्य नाही का? आहे, पण ते खुडण्यात नाही, ओळखण्यात आहे. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या बायका मन्नारच्या आखातात बुडी मारून शेवाळ काढतात. व्यापारी ते किलोवर घेतो आणि कारखान्यात त्याचं आगर बनतं. घरी पुडिंगसाठी आणतो ते चायना ग्रास म्हणजे हेच आगर. समुद्राची इतकी जाण असलेल्या त्या बायकांच्या हाती कच्च्या मालाचा भाव तेवढा पडतो. त्यात 1986 साली तिथली 21 बेटं राष्ट्रीय उद्यानात गेल्यापासून काढण्यावर बंधनं आली. तू लगेच सुरुवात केलीस तर तूही याच जागी उभी राहशील, फक्त व्यापाऱ्याऐवजी समोर शेफ असेल.

शेफला हवी असते खात्री. ही जात कुठली, कुठल्या पाण्यातली, कच्ची खाण्याजोगी आहे का, हे त्याला सांगणारं कुणीतरी हवं असतं. शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून घेतं. जपानी हिजिकी हे शेवाळ आर्सेनिकमुळे खाऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न विभागाने 2004 साली दिला. 1991 साली ग्वाम बेटावर एका जातीचं शेवाळ खाऊन 13 जण आजारी पडले आणि 3 जण दगावले. खाडीच्या मुखाशी, सांडपाण्याच्या ओहोळाजवळ उगवलेलं शेवाळ कितीही कोवळं दिसलं तरी ताटात जाता कामा नये. प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय आणि एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी केल्याशिवाय एक मूठही विकू नकोस. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे, तिथल्या खडपाला हात लावायचा नाही. तुमच्या गावच्या किनाऱ्याचे नियम मत्स्यव्यवसाय खात्यात जाऊन विचार आणि उत्तर लेखी घे.

आता शिक्षणाबद्दल. रत्नागिरीत शिरगावला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, चार वर्षांची बीएफएससी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी. माझा कल तिकडे आहे. ते जमलं नाही तर वनस्पतिशास्त्रात बीएससी कर आणि पुढे शैवालशास्त्राकडे वळ. भावनगरची सीएसएमसीआरआय ही मीठ आणि सागरी रसायनांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आणि तमिळनाडूत मंडपमला असलेलं तिचं केंद्र शेवाळावर अनेक वर्षं काम करत आहे, पदवीनंतर तिथे प्रकल्पासाठी जाता येतं का ते पाहा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत 640 कोटी रुपये शेवाळासाठी ठेवले होते, पण त्यातला भर लागवडीवर आहे, तराफे आणि दोऱ्यांवर. नोकऱ्या तिथे निघतील. रानटी शेवाळ आणि उंची रेस्टॉरंटं हा तुझा स्वतःचा, छोटा, हळूहळू वाढणारा धंदा असेल. पदवीमुळे तो मागे पडणार नाही, उलट त्या चार वर्षांत चार पावसाळे मिळतील.

कॅथलीन ड्र्यू-बेकर या इंग्रज शास्त्रज्ञबाईंची गोष्ट तुला मुद्दाम सांगते. नोरी उन्हाळ्यात कुठे जाते, हे जपानच्या कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळत नव्हतं, त्यामुळे पीक नशिबावर असायचं. ड्र्यू-बेकर यांनी 1949 साली दाखवून दिलं, की ती शिंपल्यांच्या कवचात बारीक गुलाबी धाग्यांच्या रूपात जगते. आजची नोरीची शेती त्या शोधावर उभी आहे. जपानमधल्या उतो इथे त्यांचं स्मारक आहे, त्या स्वतः मात्र जपानला कधीच गेल्या नव्हत्या. तुझ्या अंगणात कालवांच्या कवचांचा ढीग पडलेला असणार, म्हणून ही गोष्ट आठवली.

या पावसाळ्यापासून एक वही कर. तिथी, सुकतीची वेळ, खडपाचा कुठला भाग, काय उगवलं, कधी दिसेनासं झालं. आईला विचारून तिच्या तोंडची नावं लिही, ती पुस्तकात मिळणार नाहीत. नमुना घ्यायचा तर कात्रीने वरचा भाग काप, मूळ धरून बसलेला भाग खडकावरच राहू दे, म्हणजे ते पुन्हा फुटेल.

शेफना कळव, की यंदा माल देणार नाही. त्याऐवजी एक दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहू द्या, अशी विनंती कर. ओलं शेवाळ किती तास टिकतं, ते त्यातलं किती फेकून देतात, ताटात शेवटी किती जातं आणि त्या ताटाचे किती पैसे घेतात, हे नीट बघून ये. जाताना बाबांना बरोबर ने.