वाळलेला माँटेक्रिस्टो

प्रश्न: एकेकाळी आवडीचा असलेल्या क्यूबन माँटेक्रिस्टो नंबर ४ चा जुना खोका कपाटात सापडला. सिगार पार वाळलेत. ओढण्याजोगे होतील का?

उत्तर: वरचं पान चिरलेलं नसेल तर होतील, पण घाई नको. एकदम ७० टक्के आर्द्रतेत ठेवले की आतली पानं फुगतात आणि ठिसूळ झालेलं वरचं पान उकलतं. हवाबंद डब्यात आधी ६२ टक्क्यांची आर्द्रता-पुडी (डब्यातली आर्द्रता तेवढीच राखणारी) ठेवा, तीनेक आठवड्यांनी ६५ ची. तापमान १८ ते २० अंश. २४ च्या वर तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटण्याचा धोका. चिमटीत हलकेच दाबून पाहा: कुरकुर न होता दबला आणि पुन्हा वर आला, की तयार. तंबाखूतलं उडालेलं तेल मात्र परत येत नाही, त्यामुळे चव पूर्वीपेक्षा मवाळच लागेल. १९८५ नंतरच्या खोक्याच्या तळाशी कारखान्याचा नि तारखेचा संकेत असतो, तोही बघा, म्हणजे सिगार किती जुने ते कळेल.