पाचट ठेवलं, मग खोडवा पिवळा का पडला?

आमच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटक कृषी खात्याच्या केंद्रात, सध्या ऊसवाल्यांची गर्दी आहे. विषय एकच: तोडणीनंतर रानात उरलेली वाळकी पानं, म्हणजे पाचट, आणि त्याच बुडख्यांतून फुटणारा पुढचा ऊस, म्हणजे खोडवा. सदलग्याकडच्या एका शेतकऱ्यानं तर आल्या आल्या भांडणच काढलं: "साहेब, तुमचं ऐकून यंदा पाचट पेटवलं नाही. महिन्याभरात खोडवा पिवळा पडला. शेजाऱ्यानं जाळलं, त्याचा हिरवागार. आता काय म्हणता?"

राग रास्त आहे. 'जाळू नका' एवढं आम्ही गावोगाव सांगत फिरतो आणि पुढचं अर्धं सांगायचं राहून जातं. पाचटात कर्ब भरपूर, पण नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं. पाचटात पुरेसं मिळालं नाही की ते जमिनीतलं उचलतात आणि तेवढे दिवस ऊस उपाशी राहतो. शेजाऱ्याच्या शेतात ही ओढाताणच नाही, वर राखेतलं पालाश लगेच मिळालं, म्हणून त्याचा खोडवा आज हिरवा दिसतो. त्याचं नत्र आणि कर्ब मात्र धुरात गेलं. एकरी तीन टन पाचट धरलं तर पंधरा किलो नत्र होतं, म्हणजे बत्तीसेक किलो युरिया. पंचेचाळीस किलोच्या पोत्यातलं पाऊण पोतं त्यानं काडी लावून उडवलं.

उपाय सोपा आहे. ऊस तुटल्यावर पाचट सरीत दाबून बसवायचं आणि त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट फेकायचं. पाचट कुजवणारं जिवाणू खत ४ किलो घेऊन ओलसर शेणखतात मिसळायचं, तेही पसरायचं आणि लगेच पाणी सोडायचं. हा युरिया जिवाणूंचा, उसाचा नव्हे, त्यामुळे उसाच्या खताच्या हप्त्यातून तो वजा करू नका. तुमचा महिना गेला असला तरी अजून वेळ गेलेली नाही. उसाचं खत पाचटावर फेकू नका, पहारीनं बुडख्यापासून चार ते सहा इंचांवर भोक पाडून मातीत द्या. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा १३५ दिवसांनी.

त्याआधी एकदा पानं नीट बघून घ्या. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. आपल्या नदीकाठच्या चुनखडीच्या रानात तो दिसतोच, त्यात पाचटाचा काही दोष नाही. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फवारा.

गेल्या उन्हाळ्यात दूधगंगेकाठी भर दुपारी एका खोडव्यात उभा होतो. जाळलेल्या पट्ट्यात भेगांत बोट जात होतं. चार सऱ्या पलीकडं पाचटाचा थर उचलला तर खालची माती गार, मुठीत धरली की गोळा व्हायची, आणि दोन गांडुळं वळवळत आत पळाली. मालक म्हणाला, पाण्याची पाळी चार दिवस पुढं ढकलली तरी चालतंय. रात्रीच्या लायटीवर मोटार चालू करायला उठणाऱ्याला चार दिवसांची किंमत मी काय सांगावी?

येळ्ळूरहून विचारणा आहे: जीवामृत सुरू केलंय, युरिया एकदम बंद करू का?

करू नका. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन यातून एकराला नत्र किती मिळणार? जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत सेंद्रिय कर्ब असेल तरच ते लागतं. माती परीक्षणात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर आधी तो वाढवा आणि युरिया दरवर्षी थोडा थोडा उतरवा. भाताआधी हिरवळीच्या खतासाठी ताग गाडा असं पुस्तकी उत्तर मी देणार नाही, कारण तुम्ही भात धूळवाफेत, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात पेरता, तागाला वेळ आणणार कुठून? त्यापेक्षा बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा आणि पाला कापून शेणखताच्या खड्ड्यात टाका. भातानंतरची मसूर मात्र सोडू नका, फक्त बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत चोळून पेरा. बाटलीतलं 'सेंद्रिय टॉनिक' घेण्याआधी लेबलवर आत काय आहे ते वाचा, लिहिलेलंच नसेल तर ठेवून या.

हुक्केरीकडून प्रश्न: पाचट ठेवलं की हुमणी (मुळं खाणारी भुंग्याची अळी) वाढते म्हणतात, खरं का?

जाळून हुमणी मरत नाही, अळी मुळांशी मातीत असते आणि आग वरच्या वर जाते. भुंग्यांवर मारा करा. पहिला वळीव झाला की सांजेला ते बाहेर पडून बाभूळ, कडुलिंब, बोरीवर जमतात. फांद्या हलवून पाडा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्या रानातले भुंगे तुमच्याकडं येतात. अख्ख्या शिवारानं त्याच आठवड्यात उतरायला हवं. शेणखतातून मेटारायझियम ही हुमणी मारणारी बुरशी द्यायची तर जमिनीत ओल असताना द्या.

निपाणीच्या एका ताईंचं घर इकडं, शेत सीमेपलीकडं महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. अनुदान कुठं मागायचं? शेत जिथं, अनुदान तिथं. कर्नाटकातल्या उताऱ्याला आमच्याकडं फ्रुट्स नंबर, म्हणजे शेतकरी नोंदणीचा नंबर काढावा लागतो, कागलच्या शेतासाठी तिकडच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा. मृदा आरोग्य पत्रिका कानडीत आली म्हणून कुणी ती ट्रंकेत ठेवून दिली असेल तर घेऊन या, बसून मराठीत वाचू.