सहलीच्या ट्रेलरमध्ये स्वयंपाकघर मागच्या भिंतीला घ्यावे का?

तुम्ही विचारले आहे की, नागपूरहून ताडोबा, पचमढी, चिखलदरा अशा सहलींसाठी सोळा फुटी ट्रेलर बांधून घ्यायचा आहे, प्रवासाला तुम्ही दोघे आणि सासूबाई अशी तीन माणसे असतील, आणि बांधणाऱ्याने दोन आराखडे दिले आहेत. एकात ओटा दाराशेजारी मध्यभागी आहे आणि दुसऱ्यात मागची पूर्ण भिंत ओट्याला दिली आहे. मी दुसरा घ्या असे सांगेन. मात्र त्या कागदावर अ‍ॅक्सल (चाकांचा आस) आणि पाण्याची टाकी जिथे दाखवली असेल, तिथे ती राहू देऊ नका. माझा स्वतःचा ट्रेलर मी चार वर्षांपूर्वी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडून बांधून घेतला. त्यातही स्वयंपाकघर मागेच आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते बरेचसे त्यातल्या चुका निस्तरताना शिकलो.

राहण्याच्या दृष्टीने हा आराखडा उत्तम आहे, यात मला शंका नाही. मागच्या भिंतीत दार नसल्यामुळे जवळजवळ दोन मीटरचा सलग ओटा मिळतो. एक जण पोळ्या लाटत असताना दुसऱ्याला शेजारीच भाजी चिरता येते. मध्यभागी ओटा असला की शेगडीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागूनच सर्वांची ये-जा चालते, आणि सासूबाईंना रात्री बाथरूमला जायचे झाल्यास तीच अरुंद वाट उरते. शिवाय झोपण्याची जागा पुढच्या टोकाला राहत असल्याने फोडणीचा ठसका आणि सावजी रश्श्याचा वास गाद्यांपर्यंत कमी पोहोचतो. अमेरिकेत मुलीकडे असताना आम्ही भाड्याने घेतलेल्या पंचवीस फुटी ट्रेलरमध्येही हीच मांडणी होती: पुढे पलंग, मध्ये बाथरूम आणि बैठक, मागे स्वयंपाकघर. तिकडे दोघांनीच फिरणाऱ्या जोडप्यांसाठी अशी मांडणी पुष्कळदा दिसते.

आता वजनाकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. बैलगाडी मागे जास्त भरली की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, हे खेड्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ट्रेलरचेही तसेच आहे. फरक इतकाच की, उलाळ झालेला ट्रेलर वेग वाढल्यावर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पुढची गाडीही आपल्याबरोबर हलवतो. म्हणून अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी असलेल्या गोळ्यावर, यावा असा दंडक आहे. युरोपात ट्रेलर हलके आणि वेगमर्यादा कमी असल्यामुळे ५ ते ७ टक्केही चालवून घेतात.

माझ्या ट्रेलरचा हिशेब देतो, म्हणजे तुमच्या आराखड्यावर तो ताडून पाहता येईल. रिकाम्या ट्रेलरचे वजन १२०० किलो, टो बॉलवरचा भार १२० किलो, आणि टो बॉलपासून अ‍ॅक्सलचे अंतर ३.८ मीटर. कागदावर सगळे नीट होते. मग आम्ही अ‍ॅक्सलच्या दोन मीटर मागे असलेल्या स्वयंपाकघरात भांडी, किराणा आणि फ्रिजमधले सामान मिळून ७० किलो भरले. फॅब्रिकेटरने सिंकखालीच बसवलेल्या टाकीत ६० लिटर, म्हणजे ६० किलो पाणी होते. मागच्या वजनाला दोनने गुणून ३.८ ने भागले की पुढचा भार किती उचलला जातो ते निघते: सामानाने सुमारे ३७ आणि पाण्याने सुमारे ३२ किलो. उरले ५१ किलो, म्हणजे १३३० किलोंच्या चार टक्क्यांहूनही कमी. हा हिशेब मी घरी आल्यावर केला, हे कबूल करायला हवे. त्याआधी रामटेकला जाताना मनसरच्या अलीकडे एका ट्रकने आम्हाला ओलांडले तेव्हा ट्रेलरने घेतलेला झोका मला आजही हातांत जाणवतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबण्याचा मोह आवरावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलून वेग आपोआप उतरू द्यावा.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या एक मीटर पुढे, बैठकीखाली नेली, तेव्हा भार ९९ किलोंवर आला. नंतर अ‍ॅक्सल १५ सेंटिमीटर मागे सरकवला आणि तो सुमारे १४५ किलो, म्हणजे ११ टक्के झाला. चेसिसचे वेल्डिंग तोडून पुन्हा करावे लागले आणि त्याचा खर्च मुकाट्याने सोसावा लागला. तुमच्याकडे अजून कागदच असल्याने तुम्हाला तो पडणार नाही. इतका भार तुमच्या गाडीला चालतो का, हे मात्र तिच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहा.

कोणी असेही सुचवेल की, मागे जड झाले तर पुढच्या दांड्यावर बॅटऱ्या लादा, म्हणजे तोल साधेल. काट्यावर तो साधतोही. पण दोन्ही टोकांना भरलेली कावड एकदा झुलू लागली की आवरत नाही, तसाच असा ट्रेलरही आवरत नाही. जड वस्तू अ‍ॅक्सलच्या आसपास, आणि थोड्या पुढे, असाव्यात. त्यामुळे फ्रिजसुद्धा मागच्या कोपऱ्यातून काढून बाजूच्या भिंतीला, अ‍ॅक्सलजवळ घ्या. ओट्यापासून तो दोन पावले लांब पडेल, ते चालेल. स्टेपनी आणि सायकली मागे टांगू नका.

फ्रिजवरून आठवले: गॅस आणि विजेवर चालणारा, शोषण पद्धतीचा (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) थ्री-वे फ्रिज तुम्हाला सुचवला जाईल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि तेवढ्या उष्णतेत तो फ्रिज नीट गार करत नाही. शिवाय ट्रेलर समपातळीत उभा नसला तरी तो अडखळतो. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या.

मागच्या टोकाला गचके सर्वांत जास्त बसतात. आमच्या पहिल्याच सहलीत खिंडसीला पोहोचून दार उघडले तर वरच्या कपाटाचा मॅग्नेट कॅच सुटलेला, मिसळणाचा डबा पालथा, आणि हळद-तिखट सिंकपासून बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत पसरलेले. तिखटामुळे पुढची अर्धी संध्याकाळ सगळे शिंकत होते. कपाटांना दाबून बंद होणाऱ्या यांत्रिक कड्याच लावून घ्या आणि जड डबे ओट्याखाली ठेवा. धुळीचाही असाच त्रास आहे. चालत्या ट्रेलरच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मुरमाच्या रस्त्यावरची धूळ तिथेच घोळत राहते, आणि एक्झॉस्ट फॅनची झडप ढिली असली तर कणकेत कचकच लागते. त्या झडपेला रबरी पट्टी हवीच.

गॅससाठी पाच किलोचे सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवावे. तो कप्पा मागच्या बंपरलगत असू नये, कारण मागून धडक बसली तर पहिला मार तिथेच बसतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो, म्हणून त्या कप्प्याला आणि स्वयंपाकघरालाही जमिनीलगत जाळीचे छिद्र हवे. प्रवासात सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंदच असावा.

पैसे देण्यापूर्वी दोन्ही आराखडे गच्चीवर खडूने प्रत्यक्ष मापाचे आखा आणि त्यांत तिघांनी वावरून पाहा. आमच्या पत्नीने खडूच्या ओट्यापुढे पाट ठेवून खोट्या पोळ्या लाटल्या, तेव्हाच लक्षात आले की, ओव्हनचे दार उघडले की तिला मागे सरकायला जागाच उरत नाही. आम्ही ओव्हन रद्द केला. सासूबाईंना पलंगावरून बाथरूमपर्यंत चालायला सांगा आणि वाटेत त्यांना आधाराला काय धरता येते तेही पाहा. मग बांधणाऱ्याकडून टो बॉलवरचा भार रिकाम्या आणि भरलेल्या, अशा दोन्ही स्थितींत किती येईल ते लेखी मागा, आणि ट्रेलर ताब्यात घेताना पाणी-सामान भरून वजनकाट्यावर तपासून घ्या. हे आकडे तो देऊ शकत नसेल, तर त्याच्याकडून मधल्या ओट्याचाच ट्रेलर घ्या.