कैद्याकडून जेवणाचे पैसे घ्यायचे? आधी मनीऑर्डरच्या पावत्या बघा

कैद्यांना आपल्या करातून फुकट का पोसायचं, अमेरिकेसारखा खर्च वसूल का करू नये, असा प्रश्न आलाय. शिवाजीनगर कोर्टात बरीच वर्षं फौजदारी कामं केली, म्हणून लिहितो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात असा कायदा 1935 पासून आहे, खरंय. पण आपल्या तुरुंगांत दर चारांतले साधारण तीन जण कच्चे कैदी. गुन्हाच सिद्ध नाही, तर बिल कुणाच्या नावावर फाडणार? आणि फुकट कसलं? येरवड्याला मुलाखतीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना विचारा. साबण, तेल, बिस्किटं कँटीनमधून, पैसे घरून. निर्दोष सुटलेल्या एका मुलाची आई माझ्याकडे आली होती. सहा वर्षांच्या मनीऑर्डरच्या पावत्या धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून. धुणीभांडी करून पाठवलेले पैसे. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "वकीलसाहेब, हे परत कोण देतं?" मी चहा मागवला.

इंग्लंडने तर कमालच केली होती. निर्दोष सुटलेल्याच्या भरपाईतून 'आत असताना तुझा घरखर्च वाचला' म्हणून रक्कम कापायचे. 2007 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही, ते उचलून धरलं. अँड्र्यू माल्किन्सन नावाचा माणूस न केलेल्या गुन्ह्यासाठी 17 वर्षं आत राहिला, जुलै 2023 मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली, मोठी ओरड झाली, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये ही कापाकापी थांबली.

आपल्याकडे कापायला मुळात रक्कमच नसते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये निर्दोष सोडलं आणि राज्याला प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले. 16 वर्षांचे. दिवसाला 86 रुपयेसुद्धा पडत नाहीत, करा हिशोब. तेही न्यायालयाच्या मनात आलं म्हणून. हक्काचा कायदा नाही. विधी आयोगाने 2018 च्या 277व्या अहवालात तो सुचवला होता. विनाकारण अटकेच्या भरपाईची कमाल मर्यादा नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही 1000 रुपयेच!

कुणाच्या घरी असं झालं असेल तर निकालाची प्रमाणित प्रत लगेच काढा. 'संशयाचा फायदा' लिहिलंय की खटलाच खोटा ठरवलाय, ते वाचा. भरपाईचा जोर त्यावर ठरतो. भरपाईसाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. दुष्ट हेतूने खटला भरला म्हणून दिवाणी दावा करायचा तर मुदत सुटल्यापासून फक्त एक वर्ष. त्या बाई पिशवी घेऊन आल्या तेव्हा चौदा महिने होऊन गेले होते.