मघा लागली की मघा लागल्या?

प्रश्न असा आलाय की ‘मघा लागली’ बरोबर की ‘मघा लागल्या’, आणि ‘मघाशी’ ह्याच मघातून आलाय का. पहिल्याचं उत्तर: लागल्या. ‘मघा नक्षत्र लागलं’ म्हणा हवं तर, पण नुसतं मघा म्हटलं की अनेकवचनच. ‘न पडतील मघा तर ढगाकडं बघा’, इथे पडतील आहे, पडेल नाही. संस्कृतातही मघाः, स्त्रीलिंगी अनेकवचन, अथर्ववेदाच्या विवाहसूक्तात ‘मघासु’ असंच आहे. म्हणजे ऑगस्टात आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्याने ते अनेकवचन अजून सांभाळलंय आणि शिकलेले लोक ‘मघा लागली’ लिहितात, वाचून खरंच त्रास होतो.

त्याहून त्रास होतो ‘मघा म्हणजे सिंहासन’ ह्याचा. ज्योतिषाच्या पुस्तकांनी नक्षत्राचं चिन्ह उचलून शब्दाचा अर्थ म्हणून खपवलंय, आणि काहीजण तर मघेतल्या मुख्य ताऱ्याचं पाश्चात्त्य नाव रेग्युलस, म्हणजे छोटा राजा, हा लॅटिन अर्थ आणून आपल्या मघाला चिकटवतात. दुसरे म्हणतात मघा ‘महान’वरून आला. अहो, वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त ह्या ग्रंथात स्वच्छ सांगून ठेवलंय: मघ हे धनाचं नाव, मंह् धातूपासून, आणि मंह् म्हणजे देणं. इंद्राचं एक नाव मघवा, ते कशामुळे? हात सैल सोडून देतो म्हणून. तेव्हा मघा म्हणजे देणग्या, आणि देणग्या म्हटल्यावर अनेकवचन आलंच की! शिवाय नक्षत्र एका ताऱ्याचं नाहीच, एप्रिलमध्ये रात्री सिंह राशीत उलटं प्रश्नचिन्ह किंवा विळा दिसतो तो पूर्ण बघा, विळ्याच्या मुठीशी जो ठळक तारा तो मुख्य मघा.

आता ह्या ताऱ्याची गंमत ऐका, माझा सगळ्यात आवडता भाग. सूर्याला विषुववृत्तावर एक गिरकी घ्यायला सुमारे २५ दिवस लागतात, आणि हा सूर्याच्या तिपटीहून जास्त वस्तुमानाचा तारा साधारण १६ तासांत फिरतो. त्यामुळे मधे फुगून ध्रुवांकडे चपटा झालाय. २०१७ साली त्याच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरी एकाच दिशेत किती हलतात ते, मोजलं तेव्हा निघालं की जितक्या वेगाला तारा फुटून विखरेल त्याच्या ९६.५ टक्के वेगाने तो फिरतोय. हा वेग आला कुठून? त्याला एक जोडीदार आहे, ४० दिवसांत एक फेरी मारणारा, बहुधा श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहानसा गाभा. खगोलवाले मानतात की त्या जोडीदाराने आपलं बरंचसं द्रव्य ह्याच्या अंगावर ओतलं, त्यातून ही गिरकी आली आणि स्वतः तो उरला वाळून. म्हणजे जोडीदाराने सगळं देऊन टाकलं आणि ज्याला मिळालं त्याचं नाव मघा! वैदिक लोकांना ह्यातलं काही माहीत नव्हतं हे उघड आहे, तरी मला दुसरं कुठलंही नाव ह्याला शोभत नाही, सिंहासन तर नाहीच.

हां, ‘मघाशी’ राहिलं. माझ्या मते तो मग, मागे ह्यांच्या गोतातला, नक्षत्राशी त्याचा संबंध लावू नका.